भावाचं रक्त

इतवारा, बुऱ्हाणपूर
२ फेब्रुवारी २०२५

प्रकाश,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, ते गृहीत धर. तू माझा फोन उचलत नाहीस. तुझ्या शारदेच्या फोनवर केला तर तिच्या हातातून घेऊन बंद करतोस. इथून तुझं बहादरपूर ते केवढं, आणि मी पाकिटाला तिकीट लावून सख्ख्या भावाला पत्र पाठवते आहे. लोक हसतील, हसू देत. तुला पोस्टमन ब्लॉक करता येत नाही, एवढ्यासाठी हा खटाटोप.

शीतलसाठी रावेरची मंडळी माझ्याकडे आली ती तूच पाठवलीस म्हणून. मुलीची आत्या शाळेत बाई आहे, घर बघून घ्या, असं तूच म्हणालास. मी पोहे केले, चहा केला. मुलाची काकू पहिल्यापासून माझ्या पदराकडे बघत होती. डाव्या बाजूला काही नाही हे बाईच्या नजरेतून सुटत नाही. म्हणाली, "ताई, तुमचं ऑपरेशन झालं म्हणे." मी हो म्हटलं. "तुमच्या आईलाही तीच गाठ होती म्हणे." त्यालाही हो म्हटलं. मग तिने विचारलं, हे रक्तातून येतं का, तशी काही तपासणी केली का. केली, म्हटलं. आणि रिपोर्टात जे आलं ते सांगितलं.

तुझं म्हणणं, झाकली मूठ सव्वा लाखाची, 'काही निघालं नाही' म्हणून मोकळं व्हायचं होतं. अरे, तसं आलं असतं तर मी गावभर पेढे वाटले असते. आणि 'निघालं' असं आलं असतं तर मान खाली घालून आधी तुला सांगितलं असतं. आलंय ते तिसरंच. इंदूरच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं ते असं. शरीरात एक जनुक असतं, ते बिघडलेलं असलं की ही गाठ घराण्यात फिरते. माझ्या त्या जनुकात एका जागी वेगळेपणा सापडला आहे. तो बिघाड आहे, की कोणाच्या गालावर तीळ असतो तसा बिनकामाचा आहे, हे आज कोणालाच ठाऊक नाही. मी विचारलं, मग मला झालं ते कशाने? म्हणाल्या, त्याने असेल, नसेलही. इतकी वर्षं मी पोरांना गणित शिकवलं. उत्तर नसलेलं गणित कधी घातलं नाही.

हेच मी त्या काकूला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मुलीला होणार नाही असं कोणी लिहून देईल का?" कोण देणार? त्यांनी चहा संपवला, शीतलचं कौतुक केलं, आणि दुसऱ्या दिवशी पत्रिका जुळत नाही म्हणून तुला कळवलं. माझ्या रिपोर्टाचा त्यांनी शीतलच्या पत्रिकेतला मंगळ करून टाकला.

जिजीने माझ्या पोरीच्या अन्नात माती कालवली, असं तू म्हणालास. शारदेने रडत सांगितलं. मला ते फार लागलं. माझ्या आजारपणात सासरचं एक माणूस फिरकलं नाही, आणि तू केळीची कापणी सोडून इंदूरला माझ्या उशाशी बसलास. म्हणूनच लागलं. पण खोटं बोलून पोरगी दिली असती आणि उद्या तिला काही झालं असतं, तर त्या घराने तिचं काय केलं असतं याचा विचार कर. माझी गाठ कळल्यावर माझ्या जावांनी माझं ताट वेगळं ठेवलं होतं.

पत्र फाडू नकोस.

कोकिळा


२३ फेब्रुवारी २०२५

प्रकाश,

शारदा येऊन गेली. येताना नारळ आणला, देवापुढे ठेवला आणि डोक्यावरचा पदर सावरत उभीच राहिली. बस म्हटलं तरी बसेना. म्हणाली, "जिजी, ते म्हणतात जिजीने मोडलं, आता जिजीनेच निस्तरावं. शीतलले तुमच्या घरात घ्या. भाचीवर आत्याचा हक्कच असतो. घरातलं घरात राहीन, बाहेर कोनी पूछनार नाही."

मी काय बोलले ते तिने तुला सांगितलं असेल. विचार करून सांगते, एवढंच. नाही म्हणता आलं नाही, कारण मला हेच हवं होतं. शीतल पाळण्यात होती तेव्हापासून हवं होतं. तुझे भाऊजी होते तेव्हा तेही म्हणायचे, अमोलला बाहेरची मुलगी कशाला, मामाची पोर घरात आहे. पुढे शीतल शिकली, बी.एड. करायला लागली, तुला तिच्यासाठी शेतीवाडीचं मोठं घर हवं होतं, म्हणून मी गप्प बसले. आता ती माझ्या दारात येते आहे ती कोणी घेत नाही म्हणून. तरी मला आनंद झाला. लाज सोडून लिहिते, शारदा गेल्यावर मी त्या नारळाला हळदीकुंकू लावलं.

अमोलला संध्याकाळी विचारलं. त्याची बोली तुला माहीत आहे, अर्धी ऑफिसातली. म्हणाला, "मला काय दिक्कत नाही आई. शीतल अच्छीच आहे. पण तिला कोणी पूछलं का?" मग जेवता जेवता थांबला. "आणि तुझा तो रिपोर्ट? तो माझ्यातपण असू शकतो ना. तिच्यातपण."

तव्यावरची पोळी तशीच राहिली. मी मास्तरीण असून हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. प्रकाश, ती गाठ आपल्या आईकडून आली. आईचं जे माझ्यात आलं ते तुझ्यातही आलेलं असू शकतं. माझं अमोलमध्ये, तुझं शीतलमध्ये. बाहेर कळू नये म्हणून आपण ही दोन पोरं एकमेकांना बांधणार, आणि जे झाकायचं आहे तेच दुप्पट करून नातवंडांच्या झोळीत घालणार.

नारळ ठेवून घेतला आहे. हो म्हटलेलं नाही. आधी इंदूरला जाऊन येते.

कोकिळा


१६ मार्च २०२५

प्रकाश,

अमोलची तपासणी झाली. माझा वेगळेपणा त्याच्यातही आहे. ते सांगताना डॉक्टरीणबाई घाईघाईने म्हणाल्या की याचा अर्थ वाईट असाच नाही, अर्थ अजून लागलेलाच नाही. मला त्यांची दया आली. रोज माणसांना 'माहीत नाही' सांगून पगार घ्यायचा म्हणजे सोपं काम नाही.

आता नीट वाच. त्या म्हणाल्या, मुलीला मध्ये आणण्याआधी तिच्या वडिलांचं रक्त द्या. तुझ्यात तो वेगळेपणा नसेल तर तुझ्याकडून शीतलमध्ये येण्याचा प्रश्नच मिटला. रावेर असो की इतवारा, तिला कुठेही बिनधास्त दे. मी आखाजीलाच, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, तिला घरात घेईन. आणि असेल, तर या दोघांचं लग्न नको. तो बदल घातक निघाला आणि मूल दोन्हीकडून तो घेऊन आलं, तर बाळपणीच त्याला रक्ताचा मोठा आजार होऊ शकतो.

हे सगळं मी शारदेला समजावलं, आणि तू तिच्याकडून काय निरोप पाठवलास? "बायांच्या दुखन्यात माह्यं रक्त कशाले?" वा. आईने दूध काय फक्त मला पाजलं? तिचं नाक तुला आलं, तिचा हट्ट आला, तिच्यासारखे केस लवकर पिकले. तेवढं घेताना तू बाईमाणूस नव्हतास. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की ही गाठ पुरुषालाही होते, क्वचित होते पण होते, भावाला छाती तपासून घ्यायला सांगा. ते मी शारदेजवळ बोलले नाही. तू माझ्या तोंडावर हसला असतास.

एक गोष्ट मात्र तुला सांगायचीच आहे, कारण ती माझ्या डोक्यातून जात नाही. मी विचारलं, या बदलाचा अर्थ लागणार तरी कसा? म्हणाल्या, असाच बदल असलेली आणखी घरं सापडली, आणि ज्यांच्यात तो आहे तीच माणसं आजारी पडत गेली, की लागतो. म्हणजे आपल्यापैकी अजून कोणी आजारी पडलं की आपल्याला उत्तर मिळेल. त्या तसं म्हणाल्या नाहीत, पण मला तेच ऐकू आलं. परतीच्या गाडीत मी अमोलकडे बघत होते आणि मला वाटत होतं, नकोच ते उत्तर.

तरी तुझं रक्त हवं आहे. एक बाटली नाही, चमचाभर.

कोकिळा


१० एप्रिल २०२५

प्रकाश,

तू गावात सांगत सुटला आहेस की आखाजीला साखरपुडा. केळीच्या व्यापाऱ्यांनासुद्धा निमंत्रण गेलं. काल एकाने भर बाजारात मला विहीणबाई म्हणून हाक मारली.

मला विचारलं नाहीस ते असू दे. मुलाची आई असले तरी मी तुझी बहीणच, मला गृहीत धरता येईल असं तुला वाटलं असेल. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. रक्त दिल्याशिवाय माझ्या घरात शीतलला कुंकू लागणार नाही. तिला मी कमी लेखते म्हणून नाही. ती मला अमोलहून कमी नाही, म्हणून.

काल ती स्वतः आली होती. कॉलेजातून परस्पर आली. माझ्या हातात मेथीची जुडी होती, ती तिने ओढून घेतली आणि निवडत बसली. म्हणाली, "आत्या, रावेरवाले नाही म्हणाले तेव्हा मला बरंच वाटलं. पण आता बाबा माझ्याकडे बघतच नाहीत. मी काय खराब माल आहे का?" शेतात घड खराब निघाला की बाजूला टाकतात, तेच शब्द तिने वापरले. पोरगी तुझ्याच बांधावर वाढली आहे.

साखरपुडा रद्द कर. नाही तर मी येऊन चारचौघांत करीन.

कोकिळा


३ मे २०२५

प्रकाश,

आखाजीला भावाने बहिणीला न्यायला यावं लागतं. तू आलास, तोंड फिरवून मोटरसायकल दारात उभी केलीस, हॉर्न वाजवलास. लोक काय म्हणतील म्हणून आलास हे कळत होतं, तरी मी आले. रस्ताभर एक शब्द बोलला नाहीस. साखरपुडा पुढे ढकलला असं शारदेकडून कळलं. ढकलला, मोडला नाही.

त्या सकाळी तुझ्या घरी जे झालं ते मी पुन्हा लिहिते, कारण तू ओरडत होतास आणि ओरडणाऱ्या माणसाला ऐकू येत नाही.

मी शारदेबरोबर कपडे वाळत घालत होते. तुझे सगळेच कपडे केळीच्या चिकाने काळे-तपकिरी झालेले. मी तिला म्हटलं, एवढे डाग? ती म्हणाली, "केयचे डाग हायेत जिजी, धुवून जात नाहीत, मी आता घासतच नाही." बरोबर आहे तिचं. तुमच्या गावात कोणाच्या अंगावर ते डाग नाहीत? पण चीक पडतो तो खांद्यावर, बाहीवर, पोटावर, आणि पडतो तो बाहेरून. तुझ्या बनियनवर डाव्या बाजूला एक वाटोळा डाग होता तो आतून होता. दुसरी उलटी केली, तिच्यावरही. तिसरीवरही. शारदा ते महिनोन्महिने धुते आहे आणि केळीवर ढकलते आहे. तिची चूक नाही. कोणीही ढकललं असतं.

माझं असंच सुरू झालं होतं. म्हणून मी सगळ्यांसमोर तुझा सदरा धरला. तसं करायला नको होतं, पण मला राहवलं नाही. आत गाठ आहे, प्रकाश. माझ्या बोटांना लागली. तू म्हणालास घड उतरवताना लागलं, दिवाळीपासून आहे, दुखत नाही. न दुखणारीच वाईट असते. तू मला ढकललंस आणि म्हणालास, "मले बाई करते का तू?"

नाही रे. मी तुला माणूस करते आहे. माणसाला होतं ते तुला झालंय.

अमोल सोमवारी सकाळी गाडी घेऊन येईल. गाडीत बैस. मला शिव्या दे, पण बैस. लग्नाचं, रक्ताचं, रावेरचं सगळं बाजूला. पाया पडते, लहान भावाच्या पाया पडते.

जिजी


२८ सप्टेंबर २०२५

प्रकाश,

इंदूरला मला येऊ देत नाहीस. ठीक आहे. शारदा रोज कळवते. ऑपरेशननंतर गोळ्या चालू होत्या, बरं वाटत होतं, आता कंबर धरली म्हणून पुन्हा दाखल केलं. फोटो काढले हे कळलं. फोटोंत काय निघालं ते ती सांगत नाही, नुसतं हं हं करते. मी विचारणंही सोडलं.

ऑपरेशनला नेताना तू माझ्याकडून अमोलच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलीस, शीतलला सांगायचं नाही. गावाला सांगितलंस चरबीची गाठ, पोरीलाही तेच. माझा भाऊ बायकांच्या आजाराने आजारी आहे हे लोकांना कळायला नको. मी शपथ पाळली. अमोलच्या डोक्याची आहे, मोडणार कशी?

पण आता ऐक. डॉक्टरीणबाईंनी बोलावलं होतं. ऑपरेशनच्या वेळी घेतलेल्या तुझ्या रक्तात तोच बदल निघाला, हे तुला सांगितलं आहे. पुढचं सांगायचं राहिलं. दुसरीकडेही अशी काही घरं सापडली होती, अर्थ लागत आला होता, नक्की होत नव्हतं. पुरुषाला, त्याच बदलासकट, ही गाठ झाली हे तुझ्यामुळे त्यात जोडलं गेलं, आणि त्यांनी माझा जुना रिपोर्ट बदलून दिला. आता त्यात लिहिलं आहे की तो घातक असण्याचीच दाट शक्यता आहे. म्हणजे बिघाड. अमोलला त्यांनी वेगळं बसवून समजावलं. तो घरी येऊन बराच वेळ चपला न काढता बसून होता.

मी उत्तर मागत होते. ते तुझ्या अंगातून येणार हे ठाऊक असतं तर मी तोंड शिवून बसले असते. पण आता ते आलं आहे आणि ते वाया घालवायचा हक्क ना मला, ना तुला. शीतलला आता तपासलं तर नक्की कळतं. तिच्यात नसेल तर ती सुटली. असेल तर तिला गाठ व्हायची वाट बघायची नाही, दर वर्षी फोटो काढता येतात, पुढे इतर उपाय आहेत. आईला हे मिळालं नाही, मला मिळालं नाही, तुला मिळालं नाही. तिला मिळू शकतं.

मी तिला म्हटलं, तपासून घे. ती म्हणाली, "आत्या, रिपोर्ट तर अर्धवटच येतो ना. बाबांना काही नाही, फक्त चरबीची गाठ होती. मग मी कशाला सुई टोचून घेऊ? परत कोणीतरी पूछेल, परत सांगायला लागेल." तिचं चुकलं नाही. तिला जे सांगितलं त्यावरून तिने बरोबर उत्तर काढलं. आणि मी समोर बसून, शपथ घातलेल्या तोंडाने, हं म्हटलं.

प्रकाश, मला शपथेतून सोडव. किंवा तूच सांग. मी सांगितलं तर ते आत्याचं बोलणं होईल. तू सांगितलंस तर ते तिला खरं वाटेल. माझी डावी बाजू सपाट आहे, तुझीही डावीच गेली. आपण दोघं आईची लेकरं शोभतो. हे मी हसत लिहिलं होतं, पण आता मला रडू येतंय.

तू मार्चमध्ये रक्त दिलं असतंस तर, असं मी कधीही म्हणणार नाही.

जिजी


इंदूर
११ ऑक्टोबर

जिजीले नमस्कार.

मले तुझ्यासारखं लिहिता येत नाही. तुझे सगळे पत्र मी ठेवले आहेत, फाडले नाहीत. शारदा वाचून दाखवायची म्हणत होती, मी म्हटलं मी वाचीन.

परवा शीतलले बोलावून घेतलं. शारदेले बाहेर बसवलं. पोरीसमोर कसं सांगावं ते मले सुचेना, म्हणून सदरा काढला आणि म्हटलं बघ. तिने पाहिलं. म्हणाली, बाबा हे आत्यासारखं आहे. मी म्हटलं आत्यासारखंच आहे, तेच आहे. मग तिले समदं सांगितलं, रावेरवाल्यांपासून. ती रडली नाही, मीच रडलो. तिने माझा सदरा परत घातला, बटनं लावली.

काल तिने रक्त दिलं. मी खाटेवरून बघत होतो. रिपोर्ट यायले वेळ आहे. डॉक्टरीण म्हणे आता हो नाही तर नाही, असाच येईल, अर्धा येणार नाही.

तू विचारत नाही पण मी सांगतो. हाडात गेलं आहे. कमरेत आणि वर पाठीत. डॉक्टर गोळ्या देतात, सुई देतात, हसून बोलतात. मी केळी लावणारा आहे, झाड कधी बसतं, मुळातून खचतं, ते मले कळतं. तू म्हणणार नाही असं लिहिलं, ते मी रोज मनात म्हणतो.

गावात फोन करून सांगितलं काय झालं आहे ते. नाव घेऊन सांगितलं. एकाने फोन ठेवून दिला. दुसऱ्याने विचारलं, माझ्यापन इथं एक गाठ आहे, कोणाले दाखवू. मी त्याले डॉक्टरीणचं नाव दिलं.

अमोलचं आणि शीतलचं मी मोडलं. नारळ तुझ्या देवापुढे असेल तर फोडून टाक, पोरांले खोबरं दे. अमोलले म्हण, मामा चुकला.

एक मागतो. रिपोर्ट काही येवो, शीतलले तुझ्याजवळ ठेव. मी नसलो की शारदा एकटी तिले बाहेर देऊन टाकीन, लोकांच्या तोंडाले भिऊन, काही न सांगता. तू तसं करू देणार नाही. तिची तपासणी दर वर्षी तू करून घे. सून म्हणून नको. तशीच ठेव.

तू ये. सोमवारी ये.

प्रकाश